नामाला काय लागतं

१७५५ च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश लंडनमध्ये दोन अवजड खंडांत बाहेर पडला. त्यातल्या चाळीस हजारांवर शब्दांपैकी एकाच शब्दापाशी थोडं थांबू. शब्द आहे 'अव्हर्जन', म्हणजे तिटकारा. जॉन्सनने अर्थ दिला आणि मग चार भावांतल्या वाटणीचा निवाडा करावा तसा त्या शब्दाच्या सोबत्यांचा निवाडा केला. तिटकारा कशाचा हे सांगायचं तर 'फ्रॉम' सर्वांत योग्य, 'टू' कधीकधी येतं, पण ते तितकंसं योग्य नव्हे, 'फॉर'ही आढळतं, आणि 'टोवर्ड्‌स' तर अगदीच अयोग्य. दाखले त्याने नावाजलेल्या लेखकांचे दिले, म्हणजे हे चारही प्रकार चांगली इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातून उतरलेले होते. मग जॉन्सनने क्रम लावला तो कशाच्या बळावर? लॅटिनच्या. मूळ लॅटिन धातूचा अर्थ तोंड फिरवणे, आणि तोंड फिरवायचं ते कशापासून तरीच. म्हणून 'फ्रॉम' पहिलं. युक्तिवाद बिनतोड आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो मानला नाही, एवढंच. आज 'अव्हर्जन'ला 'टू' लागतं, आणि 'फ्रॉम' लिहिणारा माणूस जुन्या पोथीतून उठून आल्यासारखा वाटतो.

'लागतं' हे क्रियापद आपल्या इंग्रजीच्या वर्गांतलं आहे. 'अ‍ॅक्सेस'ला 'टू' लागतं, 'डिपेंडन्स'ला 'ऑन' लागतं, 'अफेक्शन'ला 'फॉर' लागतं. दाराला कडी लागावी किंवा भाजीला मीठ लागावं तसं हे ऐकू येतं. कोणी लावलं, केव्हा लावलं, हा प्रश्नच त्या क्रियापदात उरत नाही. पण हे लागणं सृष्टिनियमाने झालेलं नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास एका बाबतीत चमत्कारिक आहे. कोणत्या नामाला कोणतं शब्दयोगी अव्यय, याच्या टिकाऊ याद्या ज्यांनी केल्या ते बहुतेक सगळे इंग्रजीच्या उंबऱ्यावर उभे असलेले लोक होते: स्कॉटिश, प्रस्थापित चर्चबाहेरचे, अमेरिकन, भारतात किंवा जपानात मास्तरकी केलेले. घराच्या आतल्या मंडळींनी याद्या केल्या नाहीत, निवाडे दिले. आणि ते निवाडे बरेचसे वाया गेले. मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या शाळांत जे पाठ करून घेतलं गेलं ते या उंबऱ्यावरच्या लोकांचं काम होतं, आणि त्याचा कस आणि त्याची खोट दोन्ही त्यातूनच आली, असं मला वाटतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला या याद्यांची फारशी गरज नव्हती. तेव्हा तिच्या नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. 'देवाची भीती' हे त्या काळची इंग्रजी 'गॉडेस एये' असं म्हणायची: देव या नामाला षष्ठीचा प्रत्यय, पुढे भीती. रचना थेट मराठीसारखी. षष्ठी हा एकच प्रत्यय मालकी दाखवायचा, भीतीचं कारण दाखवायचा, प्रेमाचा विषय दाखवायचा. त्यामुळे घोटाळाही व्हायचा. 'देवाचं प्रेम' म्हणजे देवाने केलेलं की देवावर केलेलं, हे संदर्भावरून ताडावं लागे. मराठीत 'आईची आठवण' म्हटल्यावर आईला आलेली की आईसंबंधी आलेली, हे आपण आजही संदर्भावरूनच ठरवतो आणि आपलं काही अडत नाही. पुढे उच्चारात शब्दांची शेपटं झिजली, १०६६ नंतर नॉर्मन राजांबरोबर फ्रेंच आली, आणि षष्ठीचं काम 'ऑफ' या शब्दाकडे सरकू लागलं. फ्रेंचचा 'द' शेजारी होताच, त्याने हातभार लावला. हे स्थित्यंतर किती झपाट्याने झालं ते १९३१ सालच्या एका प्रबंधातल्या मोजणीवरून दिसतं. इसवी सन १००० च्या आसपास नामाला जोडलेल्या षष्ठीसंबंधांपैकी जेमतेम एक टक्का 'ऑफ'ने दाखवले जात. तेराव्या शतकात हे प्रमाण तिसाच्या वर गेलं आणि चौदाव्या शतकात चौऱ्याऐंशी टक्क्यांपर्यंत. एखाद्या भाषेने आपलं सांधकाम एवढ्या थोड्या काळात बदलल्याची उदाहरणं थोडी असतील.

त्यानंतर आली शब्दांची आयात. फ्रेंच आणि लॅटिनमधून हजारो भाववाचक नामं आली आणि प्रत्येक नाम आपल्याबरोबर जुन्या घरची थोडीफार सवय घेऊन आलं. फ्रेंचमध्ये 'सारखं दिसणे' या क्रियापदापुढे 'ला' या अर्थाचा शब्द येतो. इंग्रजीच्या 'रिझेम्ब्लन्स' या नामाने तो 'टू'च्या रूपाने जपला, पण 'रिझेम्बल' या क्रियापदाने पुढे टाकून दिला. लॅटिनमध्ये 'डिपेंडन्स'चं मूळ लटकणे हे आहे. लटकायचं ते कशापासून तरी, म्हणजे 'फ्रॉम' यायला हवं होतं, पण गाडी 'ऑन'वर जाऊन थांबली. त्याच मुळाच्या 'इंडिपेंडन्स'ला मात्र 'फ्रॉम' मिळालं, आणि 'इंडिपेंडंट' या विशेषणाला 'ऑफ'. एका आईची तीन लेकरं तीन घरी दत्तक गेली, त्यातला हा प्रकार. ज्या काळात हे सगळं प्रवाही होतं, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत, तेव्हा लिहिणारे हाताला येईल ते अव्यय वापरत आणि वाचणारे अडखळत नसत. जॉन्सनच्या 'अव्हर्जन'ला चार सोबती होते ते या ढिलाईचा शेवटचा अंश म्हणून.

ढिलाई कोणाला बोचू लागली? पहिली चाहूल एडिंबरोत लागते. १७०७ मध्ये स्कॉटलंडची आणि इंग्लंडची संसद एक झाली, आणि स्कॉटिश वकील, खासदार, पाद्री, पंडित यांना लंडनच्या मापाने बोलावं-लिहावं लागलं. घरात त्यांची बोली वेगळी. स्कॉटिश माणूस इंग्रजी पुस्तकांतून शिकतो, एखाद्या मृत भाषेसारखी; समजते पण बोलता येत नाही, असं अ‍ॅबर्डीनच्या जेम्स बीटी या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कवीने एका पत्रात म्हटलं होतं. मराठी वाचकाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. त्याच बीटीने १७८७ मध्ये स्कॉटिश वळणाच्या चुकांची वर्णानुक्रमी यादी छापली. त्याआधी १७५२ मध्ये डेव्हिड ह्यूमने, होय, कार्यकारणभावालाच प्रश्न विचारणाऱ्या ह्यूमने, तशीच यादी आपल्या राजकीय निबंधांना जोडली होती. ती दोन रकान्यांची आहे: एकात आपण स्कॉट काय म्हणतो, दुसऱ्यात इंग्रज काय म्हणतात. माणसावर रागावलं तर स्कॉट 'अँग्री'पुढे 'अ‍ॅट' लावतो, इंग्रज 'विथ'. माणसाकडे चौकशी करायची तर स्कॉट 'एन्क्वायर'पुढे 'अ‍ॅट' लावतो, इंग्रज 'ऑफ'. लोणी-पाव म्हणायचं की पाव-लोणी, इथपर्यंत त्याची नजर पोचलेली आहे. ह्यूम मरताना पापांची नव्हे, आपल्या स्कॉटिश वळणांची कबुली देऊन गेला, असा लॉर्ड मॉनबोडोचा टोला प्रसिद्ध आहे. या यादीत कुठेही कारण दिलेलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. लॅटिनचा दाखला नाही, तर्काचा आव नाही. ते असं म्हणतात, एवढंच. तत्त्वज्ञाने तत्त्वज्ञान बाजूला ठेवून केलेली ही नोंद आहे.

ह्यूमच्या लेखनातली अव्ययं पुढे दुसऱ्याच माणसाने तपासली. जोसेफ प्रीस्टली आपल्याला ऑक्सिजनमुळे माहीत आहे. पण त्याआधी तो नँटविच गावातल्या शाळेचा मास्तर होता, आणि प्रस्थापित चर्च न मानणाऱ्या पंथाचा असल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे त्याला बंद होते. १७६१ चं त्याचं इंग्रजी व्याकरण १७६८ मध्ये वाढवून निघालं, तेव्हा त्यात अव्ययांच्या वापरावर बरीच टिपणं आली आणि दोषांचे पुष्कळ दाखले ह्यूमच्या पुस्तकांतले होते. आपल्या शैलीतले दोष प्रीस्टलीमुळे उमगले, असं ह्यूमने एका पुस्तकविक्रेत्यापाशी मान्य केल्याची नोंद प्रीस्टलीच्या आत्मचरित्रात आहे. तिसरा माणूस लिंडली मरे, पेनसिल्व्हेनियात जन्मलेला क्वेकर वकील. प्रकृतीच्या कारणाने तो इंग्लंडात यॉर्कजवळ राहायला आला आणि तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं. ते पुढे अर्ध्या जगात खपलं. आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालणारं एक निरीक्षण या व्याकरणात आहे: नामापुढे बहुधा तेच अव्यय येतं जे त्याच्या मूळ क्रियापदापुढे येतं. 'कम्प्लाय'ला 'विथ', म्हणून 'कम्प्लायन्स'लाही 'विथ'. विद्यार्थ्याच्या हाती एवढी सोपी किल्ली आजतागायत कोणी दिलेली नाही. आणि ज्या कुलपाला ती चालत नाही तेच कुलूप आपल्याकडे सगळ्यांत जास्त दारांना लावलेलं आहे. त्याकडे पुढे येतो.

इथे एक आक्षेप उघड आहे. जॉन्सन लिचफील्डचा, पक्का इंग्रज. रॉबर्ट लाउथ तर पुढे लंडनचा बिशप झाला. त्याच्या १७६२ च्या व्याकरणात मिल्टन, स्विफ्ट, अ‍ॅडिसन यांनासुद्धा तळटिपांत छड्या बसल्या आहेत. मग अव्ययांची चिकित्सा उपऱ्यांनी केली हे कसं म्हणायचं? चिकित्सा दोघांनीही केली हे खरं. पण कामाची जात वेगळी होती. जॉन्सन आणि लाउथ आपल्याच माणसांना सांगत होते की तुम्ही बोलता ते व्युत्पत्तीला किंवा तर्काला धरून नाही. त्यांचं माप भाषेच्या बाहेर, बहुधा लॅटिनमध्ये होतं. ह्यूम-बीटींना असलं माप परवडणारं नव्हतं. लंडनच्या बैठकीत हसं होऊ नये हा त्यांचा हेतू, आणि तिथे लॅटिन कोणी विचारत नव्हतं. म्हणून त्यांनी माणसं काय म्हणतात तेच टिपलं. काळाने कौल कोणाला दिला हे पाहायचं तर 'अव्हर्जन'चंच विशेषण, 'अव्हर्स', बघावं. १९२६ मध्ये एच. डब्ल्यू. फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात 'फ्रॉम'चा आग्रह ही अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांची पंडिती ठरवली. फाउलरही इंग्रजच, आणि भलताच कडक. म्हणजे घरातला न्यायाधीशसुद्धा पावणेदोनशे वर्षांनी नोंदणाऱ्यांच्या बाजूला आला.

एडिंबरोची गरज मग मुंबईत आली, मोठ्या प्रमाणावर. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि इंग्रजीच्या पेपरात किती गुण यावर कारकुनी, वकिली, मामलेदारी अवलंबून राहू लागली. स्कॉटिश माणसाला निदान लंडनला जाऊन कान तयार करता येत. रत्नागिरी-साताऱ्याच्या विद्यार्थ्याला इंग्रज भेटलाच तर तो घोड्यावर असायचा. त्याला पुस्तकच हवं होतं. वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेसफील्डने भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या व्याकरणांत नामं, विशेषणं, क्रियापदं आणि त्यांना लागणारी अव्ययं यांच्या वर्णानुक्रमी याद्याच दिल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. १९०७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत राहिलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थने 'इंडियन इंग्लिश' नावाचं पुस्तक काढलं. हिंदी लोकांच्या इंग्रजी लेखनातल्या वाक्प्रयोगांच्या चुकांची तपासणी, हे त्याचं उपशीर्षकच होतं. ह्यूमची दोन रकान्यांची यादी इथे उलटी फिरलेली दिसते. ह्यूमने स्वतःच्या चुका स्वतः मोजल्या; आपल्या चुका साहेबाने मोजल्या.

त्या चुका का होत होत्या याचं उत्तर मात्र साहेबापाशी नव्हतं, कारण ते मराठीत होतं. इंग्रजीत 'लायकिंग फॉर म्युझिक' म्हणताना 'फॉर' हा शब्द 'लायकिंग'च्या बरोबर पुढे उभा राहतो, म्हणून तो त्या नामाचा वाटतो, आणि 'लायकिंगला फॉर लागतं' हे वाक्य जन्माला येतं. मराठीत 'संगीताची आवड' म्हणताना 'ची' चिकटते संगीताला, लिंग घेते आवडीचं, आणि मधल्यामध्ये दोघांना बांधून टाकते. 'आवडीला काय लागतं' असा प्रश्न मराठी माणसाला सुचतच नाही. शिवाय ही 'चा-ची-चे' मंडळी केवढं काम ओढतात पाहा. संगीताची आवड, वाघाची भीती, आळसाचा तिटकारा, पैशाची गरज, प्रश्नाचं उत्तर, कुलपाची किल्ली. इंग्रजीत यांना अनुक्रमे 'फॉर', 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'टू', 'टू' लागतं. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी षष्ठी हेच ओझं एकटी वाहत होती. तिथे विभक्त कुटुंबं झाली, आपलं एकत्र कुटुंब टिकलं. मराठी विद्यार्थी 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' लिहितो तेव्हा तो एका दृष्टीने फार जुन्या इंग्रजीला धरून असतो, पण परीक्षक त्याला गुण देणार नाही.

दुसरा घोटाळा अधिक खोल आहे, आणि मरेची किल्ली इथेच अडते. इंग्रजीत पुष्कळ क्रियापदं थेट कर्म घेतात, त्यांना मध्ये कोणी लागत नाही: 'डिस्कस', 'अटॅक', 'एम्फसाइज', 'मॅरी', 'रिक्वेस्ट'. पण त्यांचं नाम झालं की थेट कर्म घेण्याची ताकद जाते. नामाला हात नसतात, अव्ययाचा हात धरावा लागतो. म्हणून 'अटॅक'ला 'ऑन', 'एम्फसिस'ला 'ऑन', 'मॅरेज'ला 'टू', 'रिक्वेस्ट'ला 'फॉर', 'डिस्कशन'ला 'ऑफ', 'ऑन' किंवा 'अबाउट'. क्रियापद मोकळं, नाम बांधलेलं. आता मराठीत या क्रिया कशा सांगतात? चर्चा करणे, हल्ला करणे, भर देणे, लग्न करणे, विनंती करणे. सगळीकडे आधी नाम आणि मग 'करणे' किंवा 'देणे'. क्रियापदाच्या पोटात नाम जिवंत असतं आणि त्याचा प्रत्ययही दिसत असतो: विषयावर चर्चा, शत्रूवर हल्ला, मुद्द्यावर भर, तिच्याशी लग्न. मराठी डोकं इंग्रजी क्रियापद उच्चारतानासुद्धा या नामाचा प्रत्यय शोधतं, आणि 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'मॅरी विथ' तयार होतं. व्याकरणकारांनी ही क्रियापदांची चूक म्हणून नोंदवली. खरं तर ती नामाची सवय आहे. नामाला शोभणारं अव्यय क्रियापदाच्या गळ्यात पडलेलं.

यावर कोणी म्हणेल की 'डिस्कस अबाउट' पश्चिम आफ्रिकेत ऐकू येतं, सिंगापुरात ऐकू येतं. तिथे कुठे मराठी आहे? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे वरचं विधान आवरून मांडायला हवं. चुकीची मुळं दोन असतात. एक इंग्रजीतच आहे: 'डिस्कशन अबाउट' बरोबर असेल तर 'डिस्कस अबाउट' का नाही, हे कोणत्याही परक्या शिकणाऱ्याला वाटणारच. दुसरं मूळ शिकणाऱ्याच्या भाषेत. जिथे दोन्ही एकाच दिशेने ओढतात तिथे चूक निघता निघत नाही, आणि मराठी किंवा हिंदीसारख्या 'करणे'वाल्या भाषांत ती ओढ दुप्पट आहे. 'एम्फसाइज ऑन' आपल्याकडच्या परिपत्रकांत, अहवालांत, पदवीदान समारंभांतल्या भाषणांत इतकं मुरलेलं आहे की ते काढायला गेलं तर वाक्याची बैठकच हलते.

दुसरा आक्षेप तर्काच्या बाजूने येतो, आणि तो हल्ली पुन्हा जोरात आहे. अव्ययांना मुळात जागेचे अर्थ आहेत. 'ऑन' म्हणजे वर, 'इन' म्हणजे आत, 'टू' म्हणजे कडे. मग हल्ल्याला 'ऑन' लागतं यात नवल काय, हल्ला वर पडतोच, मराठीतही 'वर'च म्हणतात. पाठांतरापेक्षा अर्थ समजावून द्यावा, असं हे म्हणणं आहे. यात तथ्य आहे, आणि शिकवताना त्याचा उपयोग करू नये असं कोणी म्हणणार नाही. पण हा तर्क झाल्यावर सुचणारा आहे. 'इन्फ्लुअन्स'चं लॅटिन मूळ आत वाहणे हे आहे, ताऱ्यांचं तेज माणसात वाहतं या जुन्या ज्योतिषाच्या समजुतीतून तो शब्द आला. आज 'इन्टू' लागत असतं तर कारण तयार होतं. लागतं 'ऑन', तर आपण म्हणतो प्रभाव वर पडतो. 'कॉज'ला 'ऑफ' आणि 'रीझन'ला 'फॉर'. दोघांचा अर्थ कारणच. मराठीही यातून सुटलेली नाही. कुत्र्याची दया येते, पण दया करायची ती कुत्र्यावर. त्याचा राग येतो, पण रागवायचं त्याच्यावर. वाघाची भीती वाटते, आणि संस्कृतात हेच भय वाघापासून असतं. पाणिनीने भयाच्या हेतूला पंचमीचा नियम सांगून ठेवला आहे. भय तेच, वाघ तोच. अर्थ दिशा सुचवतो, पण तीन-चार दिशा खुल्या असतात, आणि कोणती रूढ झाली हे त्या त्या भाषेतल्या माणसांच्या शतकानुशतकांच्या सवयीने ठरतं. म्हणूनच जॉन्सनसारख्याचा तर्क हरला आणि ह्यूमची निमूट नोंद टिकली.

विसाव्या शतकात हे नोंदीचं काम पुन्हा परदेशांतच झालं. १९२३ मध्ये टोकियोत हॅरल्ड पामरच्या पुढाकाराने इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था निघाली, आणि १९३३ मध्ये त्याने शब्दांच्या ठरलेल्या जोड्यांचा मोठा अहवाल छापला. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये जपानात शिकवायला गेला. त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, टोकियोतच प्रसिद्ध झाला, आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. आज घरोघरी दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याचाच वंशज. १९८६ मध्ये आलेल्या बी.बी.आय. कोशात नाम आणि त्याचं अव्यय ही जोडी व्याकरणातल्या जोड्यांचा पहिला प्रकार म्हणून मांडलेली आहे. त्याच्या संपादकांपैकी मॉर्टन बेन्सनचं आधीचं मोठं काम सर्बो-क्रोएशियन कोशाचं होतं; दुसऱ्या भाषेतून इंग्रजीकडे बघणाऱ्यालाच या जोड्या दिसतात, याचा हा आणखी एक दाखला. या कोशकारांनी 'ऑफ'च्या जोड्या बहुतेक गाळल्या, कारण त्या सहज ओळखता येतात असं त्यांचं म्हणणं. चौदाव्या शतकात षष्ठीची सगळी मिळकत एकहाती घेणारं 'ऑफ' आता नोंदण्यालायकही उरलं नाही, कारण ते सगळीकडेच आहे. मराठी विद्यार्थ्याला मात्र ते इतकं सहज ओळखता येतं की नको तिथेही येतं, ही गोष्ट त्या कोशकारांना दिसणारी नव्हती.

मग याद्यांची खोट कोणती? त्या एका वेळी टिपलेल्या असतात आणि पुढे शिळ्या होतात. उंबऱ्यावरचा माणूस आत काय चाललं आहे ते काळजीपूर्वक लिहून घेतो. आतली मंडळी मात्र बोलत राहतात, बदलत राहतात. आपल्याकडे हे सर्वांत ठळक दिसतं ते रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात. पर्सिव्हल ख्रिस्टोफर रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी फलटणीची कादंबरी लिहिणारा. तो कराचीत हेडमास्तर होता आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याशी त्याचा संबंध होता. १९३० च्या दशकात मुंबईत छापून निघालेलं हे पुस्तक अजून हातोहात जातं. त्यात नामांचे कळप केलेले आहेत: इतक्या नामांना 'फॉर', इतक्यांना 'विथ', इतक्यांना 'ऑफ', इतक्यांना 'टू', इतक्यांना 'फ्रॉम'. 'फॉर'च्या कळपात अफेक्शन, अँबिशन, अपॉलजी, अ‍ॅपेटाइट. 'एन्मिटी' दोन कळपांत, 'विथ'च्याही आणि 'टू'च्याही. आणि 'टू'च्या कळपात, 'डिस्ग्रेस'च्या शेजारी, 'डिस्लाइक'. आजचा इंग्रज 'डिस्लाइक'पुढे 'ऑफ' म्हणतो, क्वचित 'फॉर'. 'टू' त्याने केव्हाच सोडलं. जॉन्सनने ज्या 'टू'ला तिटकाऱ्याच्या दारातून मागे रेटू पाहिलं ते तिथे ठाण मांडून बसलं, आणि शेजारच्या नावडीच्या घरात जे 'टू' सुखाने नांदत होतं ते उठून गेलं. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं तो रकाना अजून पाठ करतात. मुखपृष्ठ बदललं आहे, रंगीत झालं आहे. 'डिस्लाइक' आपल्या जागी आहे.